दहा बोटांपलीकडचे कापरेकर

चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करीत राहावे. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांनंतर ६१७४ ही संख्या हाती येते आणि पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी तीच येत राहते. जगभरच्या गणितप्रेमींना ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने परिचित आहे. ती शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील पद नाही, अशा स्थितीत या गृहस्थाने अर्धशतकभर केवळ अंकांचा ध्यास घेतला. मात्र, त्यांची बहुतेक फळे दहाच्या पायावर उभी असल्याने ती मुळात गणित आहेत की दहा बोटांच्या मोजणीतून उपजलेला योगायोग, हा प्रश्न त्यांच्या नावाला कायम चिकटून राहिला. त्या प्रश्नाची तड लावण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच संख्या आठाच्या पायावर, अर्थात अष्टमान पद्धतीत मांडून पाहणे.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर सतत आकडेमोड करावी लागे, ती घरात रोज चाले. आठव्या वर्षी मातृछत्र हरपलेला हा मुलगा वडिलांच्या सहवासात वाढला. आकडेमोडीची गोडी त्याला तिथेच लागली असावी. ठाण्यात शालेय शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक कापरेकरांनी १९२७ मध्ये पटकावले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्यानंतर लवकरच देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांची शाळा आणि त्यांचे गाव बदलले नाही.

फावल्या वेळी संख्यांशी चाललेल्या या सलगीतून एकामागून एक संख्यांची कुळे निपजली. १, ११, १११ यांचे वर्ग १, १२१, १२३२१ असे चढत जाऊन उतरतात. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. ते एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या या स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली होती. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे २० आणि २५ असे तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५. हाच प्रकार २९७ आणि ७०३ यांचाही. या संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. नावे ठेवण्यातली ही हौस एखाद्या कवीला शोभावी अशी होती.

१९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. पुढे न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातून तो प्रसिद्ध झाला. त्याची प्रचिती घ्यायची, तर कापरेकरांचे जन्मवर्षच घ्यावे. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१० आणि चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा पायऱ्या उतरत सातव्या वजाबाकीला ६१७४ येते. सातापेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. त्यामुळे हे वर्ष सर्वांत लांबच्या वाटेवरचे आहे, एवढा योगायोग मात्र इथे नोंदवायला हवा.

परिषदांना कापरेकर पदरमोड करून जात आणि तिथे आपल्या संख्यांविषयी तन्मयतेने बोलत. बरेचसे संशोधन त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून किंवा फारशा प्रतिष्ठित नसलेल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. शाळाशाळांतून मुलांपुढे त्यांची व्याख्याने होत. तिथे त्यांचे कौतुक होई. पण भारतीय विद्यापीठांतील अनेक गणितज्ञ त्यांच्याकडे छांदिष्ट शाळामास्तर म्हणूनच पाहत.

या उपेक्षेला सामाजिक अंग होते, तसे तात्त्विक अंगही होते. श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात खऱ्या गणितापासून दूर असलेल्या कुतूहलांची उदाहरणे दिली होती. आपल्याच उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच आहेत, ८७१२ आणि ९८०१. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, तर ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला ही गोष्ट ठीक, गणितज्ञाला तिच्यात सांगण्यासारखे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. अंकांवर अवलंबून असलेल्या सर्वच गुणधर्मांविषयी हा आक्षेप घेता येतो. अंक हा संख्येचा पोशाख आहे, संख्या नव्हे. पोशाख बदलला की गुणधर्म नाहीसा होत असेल, तर तो संख्येचा कसा म्हणावा?

पोशाख बदलणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेता येईल. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानले जाते. माणसाच्या हाताला दहाऐवजी आठ बोटे असती, तर मोजणीत ७ नंतर एकदम १० लिहिले गेले असते. मग नागनाथाचा क्रमांक १० असा आणि ज्योतिर्लिंगांची एकूण संख्या १४ अशी लिहिली गेली असती. ज्योतिर्लिंगांत वाढ झालेली नसती आणि नागनाथाचे स्थानही हलले नसते. बदलला असता तो केवळ लिहिण्याचा पाया. दशमान पद्धतीत प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडून डावीकडे दहापट होत जाते, अष्टमानात ती आठपट होते: एकक, आठ, चौसष्ट, पाचशे बारा. अंक शून्य ते सात एवढेच. आठ आणि नऊ हे अंक तिथे अस्तित्वातच नसतात.

दशमान संख्या अष्टमानात न्यायची रीत शाळकरी भागाकाराची आहे. संख्येला आठने भागत जावे, बाक्या टिपाव्यात आणि शेवटून पहिलीकडे वाचाव्यात. १९०५ ला आठने भागले की २३८, बाकी १, २३८ चे २९, बाकी ६, २९ चे ३, बाकी ५, अखेरीस ३. म्हणून १९०५ अष्टमानात ३५६१. याच रीतीने ६१७४ घेतल्यास १४०३६ येते. चार अंकी स्थिरांक पाच अंकी होतो, आणि पोशाखाचा मुद्दा इथेच डोळ्यांत भरतो.

हा उद्योग निव्वळ बौद्धिक नव्हता, कारण त्याच काळात अष्टमान पद्धती यंत्रांच्या उदरात शिरली होती. संगणक शून्य आणि एक या दोनच खुणांनी संख्या साठवतो. या खुणांची लांबलचक माळ माणसाला वाचवत नाही. मात्र तीन खुणांचा एक गट केला, की त्याची जागा अष्टमानातील एक अंक घेतो, कारण तीन खुणांच्या आठच जुळण्या होतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविण्यात आलेला सीडीसी ३६०० हा संगणक ४८ खुणांचा शब्द वापरी. तो अष्टमानातील १६ अंकांत नेमका बसे. त्याच वर्षी आयबीएमने आठ खुणांच्या बाइटवर आधारलेली सिस्टीम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आठ खुणा तिनाच्या गटांत नीट विभागत नाहीत, त्यामुळे पुढे सोळाच्या पायाचे प्रस्थ वाढले. तरीही अष्टमान हद्दपार झाले नाही. युनिक्स आणि लिनक्सवर फाइल कोणी वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी, याच्या परवानग्या आजही ७५५ किंवा ६४४ अशा अष्टमान आकड्यांत दिल्या जातात. ज्या औंढ्याचे उदाहरण वर आले, त्याच परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लायगोच्या प्रचंड माहितीची छाननी करणारे संगणक लिनक्सवरच चालतात.

कापरेकरांच्या संख्या अष्टमानात नेल्यावर काय दिसते? ४५ ही दहा आणि नऊ यांच्या गुणाकाराची निमपट आहे. अष्टमानात तिच्या जागी आठ आणि सात यांच्या गुणाकाराची निमपट घ्यायची. ती येते २८, म्हणजे अष्टमानात ३४. तिचा वर्ग ७८४, अष्टमानात १४२०. आता १४ आणि २० यांची अष्टमानातच बेरीज केली, तर पुन्हा ३४. दशमानात ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५; त्याचा अष्टमानातील जोडीदार ४४, वर्ग २४२०, बेरीज ४४. दहाच्या जागी आठ ठेवला, तरी नियम जसाच्या तसा चालतो. तो अंकांच्या वेशातला असला, तरी त्याचे मूळ पायापलीकडचे आहे. डेम्लो संख्याही टिकतात. अष्टमानात १११ चा वर्ग १२३२१ असाच लिहिला जातो. फरक एवढाच, की दशमानात नऊ एकांपर्यंत चालणारी ही चढण अष्टमानात सात एकांवर संपते.

स्वयंभू संख्यांचे प्रकरण याहून रम्य आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये तीन मिळवले की २४. काही संख्या मात्र अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाहीत. त्या स्वयंभू. दशमानात त्यांची यादी १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी सुरू होते. अष्टमानात हीच यादी नव्याने काढली, तर १, ३, ५, ७ नंतर येणाऱ्या संख्या २०, ३१, ४२, ५३ अशाच लिहिल्या जातात. त्यांच्या किमती वेगळ्या आहेत. अष्टमानातील २० म्हणजे आपले १६ आणि ३१ म्हणजे २५. संख्या बदलल्या, पण ठेवण बदलली नाही.

आणि हार्डींची उदाहरणे? अष्टमानात १०६७ ची सातपट ७६०१ होते आणि २१५६ ची तिप्पट ६५१२. ज्या दोन संख्यांना हार्डींनी निव्वळ कुतूहल ठरवले, त्या दोन्हींचे वारस आठाच्या पायावर ठणठणीत उभे आहेत. त्यामुळे त्या विषयाला थोर गणिताचा दर्जा मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याला दहा बोटांचा अपघात म्हणणेही बरोबर ठरत नाही.

मात्र खुद्द ६१७४ या परीक्षेत उतरत नाही. तीन अंकांपुरते सारे ठीक असते. दशमानात तीन अंकी संख्या ४९५ वर येऊन थांबतात. अष्टमानात ३७४ चे अंक ७४३ आणि ३४७ असे मांडून वजा केले, की ३७४ परत येते. चार अंकांवर गेले की घडी मोडते. अष्टमानातील ३५६१, अर्थात पूर्वीचेच १९०५, घेऊन वजाबाक्या केल्या तर ५१५३, ४१५४ आणि मग ३७७४ येते. तेथून ४२४४, १७७६, ६०६२, ६३३२ असा फेरा मारून पुन्हा ३७७४. दशमानात सातव्या पायरीला विसावणारी संख्या अष्टमानात पाच जणांच्या फेरीत अडकते आणि कधीच थांबत नाही. दुसरी फेरी तिघांची आहे: ३०६५, ६१५२, ५२४३. कापरेकरांच्या टीकाकारांना आपला मुद्दा सिद्ध करायला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. ज्या शोधाने मास्तरांचे नाव जगभर गेले, तोच त्यांच्या शोधांत दहाच्या पायाशी सर्वाधिक बांधलेला निघावा, हा विलक्षण प्रकार आहे. त्यांच्या कामाचा अधिक टिकाऊ भाग बाकीच्या, कमी गाजलेल्या कुळांत आहे, असेच म्हणावे लागते.

ही पडताळणी आता संगणकाचा कोणताही विद्यार्थी अर्ध्या तासात करू शकतो. प्रोग्रॅममध्ये संख्येचे अंक सुटे करण्यासाठी तिला दहाने भागून बाकी घेतात. तिथे दहाच्या जागी आठ लिहिले, की तोच प्रोग्रॅम अष्टमानातील कापरेकर कृती करू लागतो. यात एक गोष्ट विसरली जाते. संगणकाच्या स्मृतीत पूर्णांक ना दशमान असतो ना अष्टमान. सी भाषेत टक्क्याच्या चिन्हापुढे ‘डी’ लिहिले की तीच साठवण १९०५ अशी छापली जाते, ‘ओ’ लिहिले की ३५६१ अशी. रूपांतर होते ते छापताना आणि वाचताना.

फसगत होते ती मागच्या शून्याने नव्हे, तर पुढच्या शून्याने. कापरेकर कृतीत ०१५९ मधले शून्य सांभाळावेच लागते, नाहीतर चार अंकांचा हिशेब बिघडतो. परंतु सी आणि जावा या भाषांत शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान समजला जातो. ०१५९ तसेच लिहिले, तर त्यातला नऊ हा अंक अष्टमानात बसत नसल्याने चूक दाखविली जाते. तेवढ्यावर निभावते. ७६२० मधून ०२६७ वजा करायचे असतील, तर मात्र संगणक कुरकुरत नाही. तो ०२६७ म्हणजे १८३ असे धरतो आणि ७३५३ ऐवजी ७४३७ हे उत्तर बिनदिक्कत देतो. हे शून्य किती जणांना चकवत असेल, याची कल्पना येऊनच की काय, २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ही जुनी पद्धत बंद करण्यात आली. तिथे अष्टमान संख्येपुढे शून्य आणि त्याला जोडून ‘ओ’ हे अक्षर लिहावे लागते.

कापरेकरांनी हे सारे कागदावर केले. निवृत्तीनंतरचा काळ त्यांना सुखाचा गेला नाही. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागत नसल्याने गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. अंकांचा नाद मात्र सुटला नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले, आणि सत्तरीत पोहोचलेल्या या मास्तरांचे नाव देशोदेशी गेले. अंकांच्या रंजक गणिताकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलत गेली, ती पुष्कळशी यानंतरच. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

गार्डनर यांच्या लेखाच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, स्वयंभू संख्यांचा प्रश्न कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी एका अमेरिकी गणित मासिकात मांडला होता. कापरेकरांनी या संख्यांचे वर्णन त्याच्या पाव शतक आधी केले होते. तरीही पूर्णांकांच्या मालिकांचा जो मोठा ऑनलाइन कोश जगभरचे गणितज्ञ आणि प्रोग्रॅमर चाळतात, त्यात ही मालिका स्वयंभू अथवा कोलंबियन संख्या या शीर्षकाने नोंदलेली आहे. देवळाली संख्या हे तिचे तिसरे नाव त्या शीर्षकात नाही.